संघातले दुसरे गुरुजी



दोन शिक्षकांची शाळा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली आहे. पुष्कळजण तिथेच शिकलेही असतील. दोन खोल्या, चार इयत्ता आणि दोन गुरुजी. गावात साहेब आले की ते हेडगुरुजींना भेटतात. कागदपत्रे त्यांच्या नावाने येतात, सभेत खुर्ची त्यांना मिळते. दुसरे गुरुजी त्या वेळी आतल्या खोलीत पहिलीच्या पोराचा हात हातात धरून त्याच्याकडून अक्षर गिरवून घेत असतात. पोर पुढे मोठे झाले, शिकले, की त्याला हेडगुरुजींचे नाव आठवते. अक्षराचे वळण मात्र दुसऱ्या गुरुजींचे असते.

क्रिकेटच्या मैदानावरही असे दुसरे गुरुजी असतात. त्यांना साहाय्यक प्रशिक्षक म्हणतात. त्यांतल्याच एकाविषयी, पारस म्हांबरे यांच्याविषयी, आज मला बोलायचे आहे. पण आधी हा विषय माझ्या डोक्यात कसा आला ते सांगतो.

मी वाणगावला राहतो आणि कॉलेजात मराठी शिकवतो. खेळाशी माझा संबंध विद्यार्थिदशेत होता तेवढाच. तोही बहुधा बाराव्या गड्याचा. पाणी नेऊन देणे, धावा मांडून ठेवणे ही कामे मी मोठ्या निष्ठेने केली. आमच्या भागात भातकापणी झाली की मोकळ्या शेतांत मुलांचे सामने सुरू होतात. टेनिसचा चेंडू, फळकुटाच्या यष्ट्या, आणि कडेला शंभर-दोनशे माणसे. माझ्या वर्गातला एक मुलगा, पूर्वेकडच्या एका पाड्यावरचा, त्या सामन्यांत मोठा नावाजलेला गोलंदाज होता. त्याचा चेंडू दिसायच्या आत यष्टी पडलेली दिसायची. कोणीतरी त्याला मुंबईला निवड-चाचणीला जायला सांगितले. तो पहाटेच्या गाडीने गेला आणि रात्री परत आला. निवड झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो मला म्हणाला, "सर, झालं आपलं क्रिकेट."

मी त्याला धीर दिला. पुन्हा जा म्हटले, शार्दूल ठाकूरचे उदाहरण सांगितले. आमच्या लोकलच्या रुळांवर हे उदाहरण फार उपयोगी पडते. शार्दूल पालघरजवळच्या माहीम गावचे. लहानपणी गाडीने खेळायला जात. पुढे बोरिवलीला दिनेश लाड सरांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले आणि शाळेत घातले. २०१८ साली भारतीय संघाबरोबर दक्षिण आफ्रिकेचा दौरा करून आल्यावरही हा माणूस अंधेरीला गाडीत बसला आणि पालघरला उतरला. डब्यातली कॉलेजची मुले मोबाईलवर फोटो काढून, चेहरा जुळतो का ते ताडून पाहात होती म्हणे.

मुलगा शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "सर, शार्दूल एक. गाडी भरून जातात त्या बाकीच्यांनी काय करायचं?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आपण शिक्षक मंडळी नेहमी शिखराचे उदाहरण देतो आणि खालचा डोंगर विसरतो. घरी आल्यावर मी विचार करू लागलो की, जो खेळाडू फार मोठा झाला नाही पण ज्याने खेळ सोडलाही नाही, असा कोण आहे? तेव्हा म्हांबरे आठवले. आता हेही खरे, की दोन कसोटी सामने खेळलेल्या माणसाला "मोठा झाला नाही" म्हणणे हा आपला उद्धटपणा झाला. आमच्या तालुक्यात असा कोणी झाला तर आम्ही त्याची मिरवणूक काढू! पण हिशेबाच्या पाटीवर पाहा. पारस म्हांबरे यांचा जन्म २० जून १९७२ चा, मुंबईचा. उजव्या हाताने मध्यम-जलद गोलंदाजी. १९९२-९३ पासून ते मुंबईकडून खेळू लागले. प्रथम श्रेणीचे ९१ सामने, २८४ बळी. भारताकडून मात्र कसोटी सामने २, बळी २. एकदिवसीय सामने ३. आंतरराष्ट्रीय कारकीर्द इथे संपली.

त्या दोन कसोटींची हकीकत मोठी लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९९६ च्या उन्हाळ्यात भारताचा संघ इंग्लंडला गेला. पहिली कसोटी बर्मिंगहॅमला, एजबॅस्टनवर. तिथे म्हांबरे प्रथम खेळले. त्याच सामन्यात विक्रम राठोड हे सलामीचे फलंदाज आणि वेंकटेश प्रसाद हे गोलंदाजही पहिल्यांदाच उतरले. तो सामना आपण हरलो. दुसरी कसोटी लॉर्ड्सवर २० जूनला सुरू झाली. तारीख लक्षात आली ना? म्हांबरे यांचा त्या दिवशी चोविसावा वाढदिवस. त्या सामन्यात राहुल द्रविड आणि सौरव गांगुली यांचे पदार्पण झाले. गांगुलींनी १३१ धावा काढल्या, द्रविड ९५ वर बाद झाले, आणि साऱ्या देशाने ते दोन आकडे पाठ केले. म्हांबरे त्या अकरांत होते ही गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात राहिली नाही. तिसऱ्या कसोटीला त्यांना वगळले आणि पुढे कसोटीत पुन्हा घेतले नाही.

अशा वेळी माणसाचे दोन प्रकार होतात. एक जन्मभर "मला संधी दिली नाही" हे सांगत राहतो. त्याचे सांगणे खोटे असतेच असे नाही. दुसरा असतो तिथे काम करीत राहतो. म्हांबरे मुंबईकडून आणखी कित्येक वर्षे खेळले. २००२-०३ साली ते मुंबईचे कर्णधार होते आणि त्या वर्षी मुंबईने रणजी करंडक जिंकला. म्हणजे उतरत्या वाटेवरच्या माणसाची ही कामगिरी! त्यानंतर ते शिकवण्याकडे वळले.

इथे थोडे थांबून हा प्रशिक्षक नावाचा प्राणी संघात आला केव्हा ते सांगायला हवे. १९८३ साली कपिलदेव यांच्या संघाने विश्वचषक जिंकला तेव्हा त्या संघाला प्रशिक्षक नव्हता. मानसिंग नावाचे व्यवस्थापक होते. तिकिटे, हॉटेल, सामान, सगळे तेच पाहात. आज भारतीय संघाबरोबर फलंदाजीचा वेगळा, गोलंदाजीचा वेगळा, क्षेत्ररक्षणाचा वेगळा शिक्षक असतो. व्यायामाचा, मालिशचा, आकडे मांडणारा माणूस निराळाच. अमेरिकेतल्या विद्यापीठांत हे फार आधीपासून चालू आहे. तिथे ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबोडका चेंडू हातात घेऊन पळण्याचा आणि एकमेकांना आडवे पाडण्याचा तो खेळ आहे. एकेका विद्यापीठाच्या संघात मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली दहा-दहा साहाय्यक असतात. चेंडू फेकणाऱ्याला शिकवणारा एक, पुढल्या फळीला शिकवणारा दुसरा, बचावाचा तिसरा. बहुतेक सारे त्याच खेळाचे माजी खेळाडू. दर दोन-तीन वर्षांनी बिऱ्हाड उचलायचे आणि दुसऱ्या गावच्या विद्यापीठात जायचे. मुख्य प्रशिक्षक गेला की बहुधा साहाय्यकांचीही गठडी बांधली जाते. आपल्याकडच्या बदलीच्या नोकरीवाल्यांना याचे दुःख निराळे समजावून सांगायला नको.

म्हांबरे यांचेही बिऱ्हाड असेच फिरले. बंगाल, महाराष्ट्र, बडोदा, विदर्भ अशा निरनिराळ्या संघांना त्यांनी शिकवले. यांतला बंगालचा मुक्काम पाहण्यासारखा आहे. त्यांच्या हाताखाली बंगाल २००५-०६ आणि २००६-०७ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजीच्या अंतिम सामन्यात गेला. पहिल्या वर्षी उत्तर प्रदेशने करंडक नेला. दुसऱ्या वर्षी, फेब्रुवारी २००७ मध्ये, अंतिम सामना झाला मुंबईत, वानखेडे मैदानावर, आणि समोर मुंबईचाच संघ. ज्या संघाचे आपण चारच वर्षांपूर्वी कर्णधार होतो त्याला पाडण्याच्या युक्त्या दुसऱ्यांच्या पोरांना शिकवायच्या! शिक्षकाचा धर्म असा विचित्र असतो. मुंबईने तो सामना जिंकला. पण त्या हंगामात बंगालच्या रणदेव बोस यांनी ५७ बळी घेतले होते आणि त्या जोरावर ते पुढे भारतीय संघाबरोबर इंग्लंडला गेले. कसोटी खेळायला मात्र मिळाली नाही. त्यांना त्या वेळी काय वाटले असेल हे म्हांबरे यांच्याइतके दुसऱ्या कोणाला कळले असेल?

आता गोलंदाजीचा शिक्षक नेमके करतो काय? हा प्रश्न मला स्वतःलाच पडला होता, कारण मैदानावर तर तो दिसतच नाही. खेळातल्या जाणत्या मंडळींना विचारून आणि सराव पाहून मला जे समजले ते सांगतो. शाळेतल्या खेळाच्या शिक्षकांना त्यातले काही उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट चेंडूची. आमच्या शेतातली मुले टेनिसच्या चेंडूने खेळतात. त्याचे वजन ५६ ते ५९ ग्रॅम. क्रिकेटचा कातडी चेंडू भरतो १५६ ते १६३ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट. हलक्या चेंडूवर वेग काढायची सवय झालेला हात जड चेंडू तशाच झटक्याने फेकू लागला की खांदा आणि पाठ कुरकुरतात. शिवाय टेनिसच्या चेंडूला शिवण नाही. कातडी चेंडूच्या मधोमध जी उंच शिवण असते तिच्यावरच जलद गोलंदाजाचे सारे पोट असते. शिवण सरळ उभी ठेवून चेंडू सोडला आणि ती जमिनीवर टेकली की चेंडू कधी आत, कधी बाहेर वळतो. शिवण जरा तिरपी धरली आणि एक बाजू घासून घासून गुळगुळीत ठेवली की चेंडू हवेतच वळू लागतो. हे सारे मनगटाच्या शेवटच्या हालचालीवर आहे. बोटे चेंडूच्या मागे सरळ राहिली पाहिजेत; ती कडेला घसरली की शिवण डगमगते. माझ्या त्या विद्यार्थ्याला चाचणीत काय झाले ते आता मला कळते. वेग त्याच्यापाशी होता. नवा कातडी चेंडू त्याने जन्मात चार वेळाही हातात धरला नव्हता.

दुसरी गोष्ट मोजदादीची, आणि ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. वाढत्या वयाच्या जलद गोलंदाजाच्या कंबरेच्या मणक्यात बारीक तडा जाण्याचा धोका असतो. हाड एकदम मोडत नाही. रोज थोडा थोडा ताण येऊन तडा जातो. पोर सांगते, "पाठ दुखते," आणि आपण म्हणतो, "तेल लाव." इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने मुलांसाठी कित्येक वर्षे एक बंधन घातले होते. तेरा वर्षांपर्यंतच्या जलद गोलंदाजाने एका दमात ५ पेक्षा जास्त षटके टाकायची नाहीत आणि दिवसभरात १० पेक्षा जास्त नाहीत. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने एका दमात ६ आणि दिवसाला १२. त्यापुढे, सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने, एका दमात ७ आणि दिवसाला १८. आपल्याकडे काय होते? चांगला गोलंदाज एकच असला की सकाळी शाळेसाठी तो, दुपारी गावासाठी तो, आणि रविवारी ज्याने बोलावले त्याच्यासाठी तो. इनाम असते कोंबड्याचे नाहीतर करंडकाचे, आणि पाठ जाते पोराची. साहाय्यक प्रशिक्षकाच्या हातात वही असते, तिच्यात प्रत्येकाने सरावात आणि सामन्यात किती चेंडू टाकले ते लिहिलेले असते. आमच्या बैलांची जेवढी काळजी आम्ही घेत होतो तेवढी जरी गोलंदाजांची घेतली तरी पुष्कळ झाले.

हे नुसते पुस्तकी नाही. २०१८ साली न्यूझीलंडमध्ये १९ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक झाला. मुख्य प्रशिक्षक होते राहुल द्रविड, आणि गोलंदाजीला म्हांबरे. लॉर्ड्सच्या त्या अकरांतले दोघे इथे पुन्हा एका खोलीत होते. त्या संघातल्या कमलेश नागरकोटी आणि शिवम मावी या दोन पोरांच्या वेगाची साऱ्या जगात चर्चा झाली. भारताने ३ फेब्रुवारीला ऑस्ट्रेलियाला हरवून चषक जिंकला. पण नागरकोटी पुढे पाठीच्या दुखण्याने दीर्घकाळ मैदानाबाहेर राहिले. इतक्या डोळ्यांत तेल घालून पाहणाऱ्या मंडळींच्या हातूनही शरीर असे निसटते, तर आपण किती जपायला हवे!

त्या विजयानंतर एक गोष्ट घडली, ती दुसऱ्या गुरुजींच्या दृष्टीने फार मोलाची आहे. क्रिकेट मंडळाने बक्षिसे जाहीर केली. द्रविडना ५० लाख, खेळाडूंना प्रत्येकी ३० लाख आणि साहाय्यकांना प्रत्येकी २० लाख. द्रविडनी सांगितले की हे बरोबर नाही, काम सगळ्यांनी केले आहे, सगळ्यांना सारखे द्या. शेवटी मंडळाने द्रविडसकट साऱ्या शिक्षकवर्गाला २५-२५ लाख दिले. म्हणजे द्रविडचे निम्मे गेले आणि बाकीच्यांचे पाच-पाच वाढले. हेडगुरुजींनी आपल्या पगारातून दुसऱ्या गुरुजींचा पगार वाढवून घेतल्याचे उदाहरण मी तरी अन्यत्र ऐकलेले नाही. आमच्या क्षेत्रात तर नाहीच नाही.

दोन वर्षांनी, २०२० च्या अशाच विश्वचषकाला म्हांबरे स्वतः मुख्य प्रशिक्षक होते. संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि तिथे, ९ फेब्रुवारीला, बांगलादेशाकडून हरला. ही हकीकत वगळून त्यांची गोष्ट सांगणे बरोबर होणार नाही. मुख्य खुर्ची मिळाली तेव्हा चषक हुकला, आणि पुढे ते पुन्हा दुसऱ्या खुर्चीवर बसले. नोव्हेंबर २०२१ मध्ये द्रविड भारताच्या मोठ्या संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. गोलंदाजीचे शिक्षक म्हणून म्हांबरे यांची नेमणूक झाली आणि फलंदाजीला होते विक्रम राठोड. लॉर्ड्सच्या अकरांतले आता तीनजण झाले. वेंकटेश प्रसाद तर २००७ सालीच भारताचे गोलंदाजी-प्रशिक्षक होऊन गेले होते. त्या एका संघातून किती मास्तर निघाले पाहा!

पालघरच्या श्रोत्यांना सांगायला हवे की नेमणुकीनंतर दोनच महिन्यांनी, जानेवारी २०२२ मध्ये, जोहान्सबर्गच्या कसोटीत आपल्या शार्दूल ठाकूर यांनी एका डावात ६१ धावांत ७ बळी घेतले. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध कसोटीच्या एका डावात इतकी चांगली कामगिरी तोवर कोणाही भारतीय गोलंदाजाची नव्हती. सामना आपण हरलो. ते सात बळी कागदावर शार्दूलच्याच नावावर आहेत आणि असायलाच हवेत. लाड सरांचा वाटा त्यात किती, म्हांबरे यांचा किती, हे मोजायला कोणाकडे तराजू नाही. तयार गोलंदाजाच्या शिक्षकाने पुष्कळदा काही न करणे हेच मोठे काम असते. जसप्रीत बुमराह यांची चेंडू टाकण्याची तऱ्हा जगावेगळी आहे. पुस्तकाप्रमाणे ती सरळ करायला कोणी गेला असता तर बुमराहच उरले नसते. पाठीच्या दुखण्यामुळे ते २०२२ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाला मुकले, २०२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली, आणि त्या वर्षी ऑगस्टमध्ये ते परत आले. तेवढा काळ वाट पाहणे, आणि त्यांच्यावाचून बाकीच्यांना उभे करणे, हे ज्याच्या वाट्याला येते त्याचे नाव धावफलकावर कुठेच नसते.

एकदा मात्र ते नाव भर मैदानावर घेतले गेले, आणि तेही न बोलता. २ नोव्हेंबर २०२३, विश्वचषकाचा सामना, मैदान तेच वानखेडे. समोर श्रीलंका. मोहम्मद शमी यांनी १८ धावांत ५ बळी घेतले आणि श्रीलंकेचा सारा संघ ५५ धावांत आटोपला. पाचवा बळी मिळाल्यावर शमींनी चेंडू आपल्या डोक्यावर ठेवला आणि तो फिरवीत खेळाडूंच्या खोलीकडे खूण केली. लोकांना उलगडा होईना. कोणी काही म्हणाले, कोणी काही. मग शुभमन गिल यांनी सांगितले की ही खूण म्हांबरे यांच्यासाठी होती. म्हांबरे यांच्या डोक्यावर केस नाहीत, बरे का! वर्गातल्या हुशार पोराने पहिला नंबर काढावा आणि फळ्यावर गुरुजींच्या टकलाचे चित्र काढावे, तसला प्रकार. माझ्या मते याच्याहून मोठा सत्कार शिक्षकाला मिळत नाही. शाल-श्रीफळ कोणालाही मिळते.

त्या विश्वचषकात भारताने ओळीने दहा सामने जिंकले. शमींनी सातच सामन्यांत २४ बळी घेतले. आणि १९ नोव्हेंबरला अहमदाबादला अंतिम सामना आपण हरलो. त्या रात्री आमच्या आळीत कोणी जेवले नाही. सात महिन्यांनी, २९ जून २०२४ रोजी, वेस्ट इंडीजमधल्या बार्बाडोस बेटावर टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० धावा हव्या होत्या. हातात गडी होते. इथून सामना सहसा कोणी हरत नाही. बुमराह, अर्शदीप आणि हार्दिक पांड्या यांनी तो खेचून आणला आणि भारत ७ धावांनी जिंकला. अर्शदीप यांचे स्पर्धेत १७ बळी, बुमराह यांचे १५, आणि बुमराह स्पर्धेचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. लॉर्ड्सवर एका सामन्यात एकत्र उतरलेले ते तिघे, द्रविड, राठोड आणि म्हांबरे, त्या दिवशी खेळाडूंच्या खोलीत होते. तिघांपैकी कोणालाही खेळाडू म्हणून विश्वचषक मिळाला नव्हता.

मंडळाने या वेळी संघाला १२५ कोटींचे बक्षीस दिले. द्रविडना ५ कोटी आणि म्हांबरे, राठोड वगैरेंना अडीच-अडीच अशी वाटणी होती. द्रविडनी पुन्हा आपले जास्तीचे नाकारले आणि साहाय्यकांइतकेच घेतले, असे वृत्तपत्रांत आले. त्याच विजयाबरोबर त्यांची सर्वांची मुदत संपली. गठडी बांधली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई इंडियन्स या आयपीएलच्या संघाने म्हांबरे यांना गोलंदाजीचे शिक्षक म्हणून पुन्हा बोलावले. पूर्वीही ते तिथे होते. या वेळी जोडीला श्रीलंकेचे लसिथ मलिंगा होते, म्हणजे तिथेही खोलीत दुसरा गुरुजी होताच.

आता माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न. म्हांबरे यांची गोष्ट मी त्याला सांगितली तेव्हा त्याने लगेच ओळखले की यातही एक अडचण आहे. "सर, ते भारताकडून खेळले होते." बरोबर आहे. एवढ्या उंचीवर साहाय्यक व्हायला आधी बरेच चढावे लागते. पण साहाय्यकाची गरज काही फक्त भारतीय संघालाच नसते. पतियाळाला राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ पासून आहे, तिथे निरनिराळ्या खेळांच्या प्रशिक्षकांसाठी पदविका मिळते. शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन शाळेत लागता येते. क्रिकेटमध्ये प्रशिक्षकांच्या पायरीपायरीच्या परीक्षा आहेत, पंचांच्या आहेत, धावा मांडणाऱ्यांच्याही आहेत. यातल्या कशात पोटभर पैसा आहे आणि कशात नाही हे मी त्याच्यापासून लपवले नाही. शाळांतून क्रीडाशिक्षकाच्या जागा किती भरल्या जातात ते शिक्षक श्रोत्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. खेळाच्या तासाला गणित घेतले जाते ते काय आम्हांला दिसत नाही?

तो मुलगा अजून रविवारी खेळतो, पण आता सकाळी तासभर आधी येतो. पाड्यावरची आठ-दहा लहान पोरे गोळा करतो. आमच्या खेळाच्या शिक्षकांनी त्याला दोन जुने कातडी चेंडू दिले आहेत. एकाची शिवण अजून धड आहे. तो पोरांना आधी धावू देत नाही. उभे राहून नुसते मनगट दाखवतो आणि शिवण सरळ जाते का ते पाहायला लावतो. माझ्याकडून त्याने एक शंभर पानी वही नेली. तीत पोरांची नावे घातली आहेत आणि प्रत्येकाच्या नावापुढे टाकलेल्या चेंडूंच्या रेघा. गेल्या खेपेला मी पाहायला गेलो तेव्हा एक बारका पोरगा आणखी एक षटक टाकायला मिळावे म्हणून रडत होता, आणि हा त्याला वही दाखवून सांगत होता, "पाच झाली. बस खाली."